लाल पट्ट्याची उसनी बॅटरी

वडवणीत बॅटरी विकत घ्यायला गेलेला माणूस बॅटरी घेऊनच परत येईल, याची खात्री कुणी देत नसे. बसस्टँडच्या रस्त्याला दुकान होतं, दुकानात बॅटऱ्या होत्या, स्टुलावर मालकही बसलेला असे. फक्त त्या मालकाला विकायची घाई नव्हती. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणायचा, आणि चाचा गिऱ्हाइकाकडे असे बघायचे, की जणू हा माणूस मुलगी मागायला आलाय आणि घराणं अजून कळलेलं नाही.

अंगात पांढरा सदरा. त्याला ॲसिडच्या थेंबांनी बारीक बारीक भोकं पडलेली. ईदला शिवलेला नवा सदरासुद्धा आठ दिवसांत चाळणी व्हायचा. मेंदी लावलेली दाढी, कानावर अडकवलेला खडू, आणि मागे फळीवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा मंद बुडबुडता आवाज. दुकानात पाऊल टाकलं की नाकात आंबूस वास शिरायचा. त्या वासाची सवय व्हायला मला महिना लागला आणि चाचांची सवय व्हायला वर्ष.

मी मूळची कऱ्हाडची. जनावरांची डॉक्टर होऊन वडवणीच्या दूध संघात नोकरीला आले, तेव्हा बरोबर दोन गोष्टी आणल्या. वडिलांनी वापरून दिलेली जुनी चार दारांची पेट्रोल गाडी आणि स्वतःचा तापट स्वभाव. पैकी गाडी आधी बंद पडली.

पहिल्यांदा दुकानी गेले ती ढकलत आणलेली गाडी घेऊन. म्हटलं, "बॅटरी गेलीये. नवी द्या."

"कोण म्हणलं गेली म्हणून?"

"चालू होत नाही ना गाडी!"

"मंग गाडीला इचारू," असं म्हणून ते उठले. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग मला आत बसवून म्हणाले, "हॉर्न वाजवा." वाजवला. "आता लाइट लावून वाजवा." लाइट लावल्यावर हॉर्नचा आवाज घसा बसल्यासारखा झाला. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मग बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाच्या बेल्टवर अंगठा दाबला, तर बेल्ट बोटभर आत गेला.

"बॅटरी बिचारी भली हाय. बेल्ट ढिला हाय तुमचा, भरणार कुठून ती? उपाशी माणसाला कामचुकार म्हणायलात तुमी, बाई."

गरम पाण्यात खायचा सोडा घालून त्यांनी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार धुतला, वर बोटभर व्हॅसलिन फासलं, बेल्ट आवळून घ्यायला समोरच्या मेस्त्रीकडे पाठवलं. बॅटरी विकलीच नाही. दोन दिवस मी त्या बॅटरीला नाही नाही ते बोलले होते, म्हणून मला थोडी लाजही वाटली.

खरंच बॅटरी संपली असेल, तर पुढची पायरी असायची ती चौकशीची. गाडी कुठं लावता, झाडाखाली का उन्हात? रोज किती चालते? एका दमात किती चालते? सकाळी पहिली चावी कोण मारतं? आत टेप, पंखा, आणखी काय काय बसवलंय? आणि शेवटचा प्रश्न, "गाडी किती वर्सं ठिवणार?" या प्रश्नांची उत्तरं नीट न देणाऱ्याला माल मिळायचा नाही. एखादा चिडून म्हणायचा, "चाचा, तुम्ही गाडीचा नंबर बघा अन् त्याची बॅटरी द्या की." त्यावर ठरलेलं वाक्य यायचं. "बॅटरी गाडीची नसती, बाबा. माणसाची असती."

माल आला की प्रत्येक बॅटरीवर ते खडूनं नक्षत्र लिहून ठेवायचे. मिरग, मघा, हस्त. कंपनीची तारीख बारीक आकड्यांत कुठंतरी कोरलेली असायची, ती गावातल्या कुणाला वाचता येत नसे. पण मघाला आलेली बॅटरी स्वातीपर्यंत फळीवरच राहिली म्हणजे शिळी झाली, हे शेतकऱ्याला लगेच कळायचं. शिळी बॅटरी चाचा पुन्हा भरून, तसं स्पष्ट सांगूनच द्यायचे. गिऱ्हाईक नको म्हणालं तर त्यांना बरंच वाटायचं.

हायस्कुलातल्या एका गुरुजींनी हौसेनं गाडी घेतली होती आणि ती ते फक्त लग्नकार्याला बाहेर काढत. दर चार महिन्यांनी बॅटरी मेलेली. चाचांनी त्यांना तिसरी बॅटरी द्यायला साफ नकार दिला. "दर ऐतवारी मांजरसुंब्यापातूर जाऊन यायचं. ढाब्यावर जेवायचं. येकट्यानं न्हाई, वहिनींना घिऊन. येकटं माणूस आळस करतं." गुरुजी कुरकुरत गेले, पण गेले. बॅटरी किती सुधारली ते मला माहीत नाही, पण गुरुजींच्या बायकोनं पुढं कित्येक वर्षं रमजानात चाचांच्या घरी खजुराचा डबा पाठवला.

मग ते दुष्काळाचं साल आलं. माजलगावच्या धरणात तळाचा गाळ उघडा पडला, उसाचे पट्टे वाळले, दूध संघात येणारे कॅन निम्म्यावर आले. संघानं गावाबाहेर चारा छावणी उघडली आणि पाच-सहाशे जनावरं माझ्या गळ्यात आली. डॉक्टर मी एकटी. सकाळी गाडीच्या डिकीत औषधांची पेटी टाकायची आणि छावणीत जायचं, दुपारी खेड्यापाड्यांतल्या जी जनावरं चालत येऊ शकत नव्हती त्यांच्याकडं. गाडी बंद तर मी बंद, असा हिशेब होता.

चाचांना ओरडताना मी त्याच वर्षी ऐकलं. लोक बॅटरीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी घालायचे. "आरं, ह्या पाण्यानं तुझ्या घरचं पातेलं पांढरं हुतंय! मंग बॅटरीच्या पोटात काय हुत आसंल?" माणसानं टँकरचं पाणी प्यावं, त्याला इलाज नाही, पण बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच पाहिजे, यावर ते ठाम होते. त्यांची स्वतःची बायको रोज दोन घागरींसाठी टँकरच्या रांगेत उभी राहायची. ती म्हणायची, पुढच्या जन्मी मला बॅटरी कर.

छावणीचं उद्घाटन आमच्या चेअरमनसाहेबांच्या हस्ते होतं. साहेबांची गाडी नवी, पण घरापासून संघापर्यंतच चालायची, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात एसी, गाणी, कर्णा, सगळं चालू. साहजिकच बॅटरी दम टाकायची. साहेब दुकानी आले आणि म्हणाले, सगळ्यात मोठी असेल ती द्या. व्हाइस चेअरमनच्या गाडीत आहे, त्याच्यापेक्षा मोठी.

चाचा म्हणाले, "साहेब, ती ट्रॅक्टरची हाय. शेळीच्या गळ्यात बैलाची घंटा बांधल्यावानी हुईल. तुमी रोज जरा लांब चक्कर मारा, जुनीच टिकंल."

चेअरमनला चक्कर मारायला सांगणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. साहेबांनी दुसऱ्या गावाहून तसली थोरली बॅटरी आणवली. ती खाचेत मावेना, म्हणून ड्रायव्हरनं खाच ठोकून वाकवली आणि बॅटरी सुतळीनं बांधली. प्लस-मायनस नेमके उलट्या अंगाला आले, म्हणून वायर ताणून जोडली. उद्घाटनाला साहेब आले, भाषण झालं, टाळ्या झाल्या, साहेब गाडीत बसले. चावी फिरली, बॉनेटमधून चर्र आवाज आला, धूर आला आणि गाडी गप्प झाली. छावणीच्या मऊ फुफाट्यात ती ढकलता येईना. शेवटी छावणीतलीच एक बैलजोडी आणली. दोरखंड बांधला आणि ज्या बैलांची दावणीला सोय केल्याबद्दल साहेबांनी नुकतंच भाषण केलं होतं, त्याच बैलांनी साहेबांना डांबरी रस्त्यावर आणून सोडलं. दुष्काळ पडल्यापासून त्या माणसांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला चाचांचा जरा अभिमान वाटला, आणि तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "हसायचं काय त्यात? वायर जळली ना बिचारी."

आता माझ्यावर येते.

त्या उन्हाळ्यात मी वडवणी सोडायचं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. एका बादलीत आंघोळ, धुणं आणि भांडी, अंगावर कायम चाऱ्याची धूळ, रोज एखादं जनावर डोळ्यांदेखत बसायचं आणि उठायचं नाही. आईचा फोन रोजचा. पुण्याजवळच्या एका खासगी डेअरीत मला जागा मिळाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. हातात वीस दिवस होते. आणि नेमकी तेव्हाच बॅटरी खरोखर मेली.

चाचांनी मीटर लावून पाहिलं आणि मान हलवली. "खलास. चार उन्हाळे काढले, भली निघाली." माझी बॅटरी उचलून त्यांनी दाराशी भंगारात ठेवली आणि प्रश्न सुरू केले. मी पटापट उत्तरं दिली. शेवटचा आला. "गाडी किती वर्सं ठिवणार?"

"ठेवणार की. चार-पाच वर्षं. मी कुठं जातेय?"

चाचा गाडीकडं वळले. गाडीभोवती हळूच एक फेरी मारून आले. टपावरून बोट फिरवलं. आत डोकावले.

"पॉलिश मारून घेतलं जनू?"

"हो."

"शिटांची कव्हरं नवी. मागली काच फुटकी हुती, ती बसवली." मग माझ्याकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाई, औंदा अंघोळीला पाणी न्हाई अन् तुमी गाडी चमकवली. इकायच्या गाडीलाच माणूस येवढा जीव लावतं."

माझे कान तापले. म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? मला चांगली, जास्त वर्षांची बॅटरी द्या."

"जाणारं माणूस जातं. त्यात वंगाळ काय? पर तुमच्या माघारी कुणाच्या गाडीत चार सालाची बॅटरी कावून फुकट घालता?" फळीखालून त्यांनी एक जुनी, नीट भरलेली बॅटरी ओढली. तिच्या अंगावर लाल ऑइलपेंटचा चार बोटं रुंद पट्टा होता. "ही न्या. जायच्या दिवशी माघारी द्या."

हा पट्टा सगळ्या तालुक्याला माहीत होता. तुमची बॅटरी चार्जिंगला टाकली की ती भरेपर्यंत, एक-दोन दिवस, चाचा ही उसनी द्यायचे. लोक परत द्यायला विसरत, म्हणून लाल पट्टा. बॉनेट उघडलं की कुणालाही कळावं, की ही चाचांची आहे, हिला घरी पाठवा.

माझ्या गाडीचा रेडिएटर गळका. छावणीत पोचलं की बॉनेट उघडून त्यात पाणी घालायचं हा रोजचा नेम, आणि माझ्याभोवती रोजची पाच-दहा माणसं. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "बॅटरी भरायला टाकली का, बाई?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं. पाचव्या दिवशी कुणीच विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं.

छावणीत द्रौपदामावशी नावाची एक म्हातारी होती. एकटी बाई, एकच बैल. नवरा गेल्यावर तो बैल भाड्यानं देऊन तिचं चालायचं. सहाव्या दिवशी तिनं सरळ विचारलं. "बाई, तुमची जुनी बॅटरी तर चाचाच्या दारात भंगारात पडलेली हाय म्हणं. अन् नवी घेतली न्हाई. मंग निघालात का तुमी?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "हो, मावशी. एक तारखेला."

मला वाटलं, आता लोक रागावतील, नाहीतर रडतील. चेअरमनकडं तक्रार करतील. त्यातलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत गेले, तर माझ्या टेबलापुढं रांग लागलेली. एरवी पंचवीस-तीस जनावरं असायची, त्या दिवशी शंभराच्या वर. मला धडकीच भरली, साथ आली की काय! पहिली गाय पाहिली, ठणठणीत. दुसरी म्हैस, ठणठणीत. तिसरा द्रौपदामावशीचा बैल. डोळे, जीभ, खूर, शेण, सगळं उत्तम.

"मावशी, अहो याला काही झालेलं नाही!"

"झालं न्हाई हो," मावशी म्हणाली. "पर तुमी गेल्यावर झालं तर? आत्ताच बघून ठिवा की."

मी तिला समजावलं, की बाई, न झालेला आजार आधी बघता येत नाही. तिला ते पटलं नाही. मागचा माणूस म्हणाला, "येक सुई तरी देऊन ठिवा. पुढच्या महिन्याची." त्याच्या मागचा म्हणाला, "माजी गाय दिवाळीला विणार हाय, आडली तर काय करायचं ते आत्ताच बघून सांगा." आधी मी हसले. मग चिडले, ओरडले, सगळ्यांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग. कुणी भांडत नव्हतं, कुणी जाऊ नका म्हणत नव्हतं. जणू मी चाऱ्याची गंजी होते आणि पुढं लागेल म्हणून जो तो आपापली पेंढी आधीच काढून ठेवत होता. आठ दिवस हे चाललं. मावशीचा तो धडधाकट बैल मी त्या आठ दिवसांत पाच वेळा तपासला आणि पाचव्या वेळी रांग तशीच सोडून औषधांची पेटी डिकीत टाकली.

तिथून गाडी काढली ती थेट दुकानात.

"चाचा, तुम्ही सांगितलंत सगळ्यांना!"

"मी कुणाला काय सांगत न्हाई. मी बॅटरी दिली."

"तुमच्या त्या लाल पट्ट्यानं जगणं मुश्कील केलंय माझं. काढा ती. नवी द्या मला, सगळ्यात जास्त वर्षांची!"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा हातातलं टर्मिनल घासायला लागले. "राग निवल्यावर या."

"म्हणजे?"

"रागात बॅटरी घिऊ न्हाई, बाई. दोन दिसांनी राग जातो, बॅटरी ऱ्हाती."

मी बाहेर येऊन गाडीत बसले. उन्हानं स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर कारण वेगळंच होतं. कुणीतरी मला "राहा" म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. कुणी म्हटलं असतं, तर मी भांडून, हट्टानं निघून गेले असते आणि पुण्यात सुखानं झोपले असते. छावणीनं म्हटलं नाही, चाचांनी म्हटलं नाही. ते सगळे माझ्या जाण्याच्या तयारीला लागले होते. तयारी होत नव्हती ती माझीच.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून कळवलं. पलीकडच्या साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की ना, कारण ही जागा तुमच्यासाठी थांबणार नाही. मी म्हटलं, नक्की. फोन ठेवला आणि पाच मिनिटं चांगली हुंदके देऊन रडले. आईला काय सांगायचं, ते संध्याकाळवर ढकललं. मग ओढणीनं तोंड पुसून पुन्हा दुकानात गेले.

चाचांनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि स्टुलावरून उठले.

"बंद झाकणाची देतो," ते म्हणाले. "तिच्यात पाणी घालायची भानगड न्हाई. औंदा डिस्टिल्ड पाण्याच्या मागं कुठं फिरता? हिच्याहून मोठी नको, तुमची गाडी तेवढं भरणार न्हाई. प्लस ह्या अंगालाच पायजे, बघून घ्या, वायर ताणायची न्हाई. अन् इंजनाची धग लई लागती, मधी पत्रा बसवून देतो." नक्षत्र बघून त्यांनी सगळ्यात ताजी उचलली. खाच पुसली, बॅटरी ठेवली, वरून पट्टी आवळली, हलवून पाहिली. गाडी चालू करायला लावून मीटर धरला, मग पंखा आणि लाइट लावून पुन्हा धरला. हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात माझ्या जाण्या-राहण्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. लाल पट्ट्याची बॅटरी उचलून त्यांनी फळीखाली सरकवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत पोचले. बॉनेट उघडलं, रेडिएटरमध्ये पाणी घालायला लागले. नेहमीची माणसं नेहमीसारखी भोवती जमली. द्रौपदामावशी पुढं आली, वाकून आत बघितलं, बराच वेळ बघितलं. पदरानं नव्या बॅटरीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच खरं तर. मग बैलाचं दावं धरून त्याला चाऱ्याकडं घेऊन गेली. तिच्या मागून एकेक करत सगळेच पांगले.

मी टेबलापाशी गेले, तेव्हा रांगेत चार जनावरं होती. चारही खरोखर आजारी होती. एकाचा खूर सडलेला, एकाला पोटफुगी, दोन वासरं हगवणीनं गळालेली. चार आजारी जनावरं बघून एवढा आनंद झालेली डॉक्टर महाराष्ट्रात दुसरी नसेल.

संध्याकाळी मुद्दाम दुकानावरून गाडी नेली. चाचा एका जीपखाली वाकून काहीतरी बघत होते. मी काचेतून ओरडले, "चाचा! आज रांगेत चारच जनावरं होती!"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"चार बी कावून आजारी पडली?" ते म्हणाले. "तिकडं ध्यान द्या, बाई. बॅटरीचं मी बघतो."